यादी पूर्ण आहे कशावरून?

मार्च २०१९ला संपलेल्या वर्षाचे वार्षिक अहवाल चाळताना एक वाक्य वारंवार समोर येतं आणि दर वेळी खुपतं. लेखाधोरणांच्या टिपा संपत आल्या की, अधिसूचित झालेल्या पण अजून लागू न झालेल्या लेखामानकांबद्दल एक छोटा परिच्छेद असतो. इंड एएस, म्हणजे भारतीय लेखामानकं, यांतलं आठवं तो द्यायलाच लावतं. त्या वर्षी तिथे इंड एएस ११६चा, म्हणजे भाडेकरारांच्या नव्या मानकाचा उल्लेख होता आणि पुढे कित्येक कंपन्यांनी एवढंच लिहिलं होतं की परिणामाचं मूल्यमापन सुरू आहे. अहवालावरच्या सह्या मे महिन्यातल्या. मानक १ एप्रिलपासून लागू झालेलं. सही करताना नव्या पद्धतीचे काही आठवडे उलटूनही गेलेले. आणि १४ ऑगस्टच्या आत जून तिमाहीचे निकाल शेअर बाजाराला द्यायचे होते, तिथे 'सुरू आहे' चालणार नव्हतं. तिथे आकडा लागणार होता.

कंपन्यांच्या बाजूनंही बोलायला हवं. कंपनी व्यवहार मंत्रालयाची अधिसूचना निघाली ३० मार्च २०१९ला. तो शनिवार होता. अंमल सोमवारपासून. मधे फक्त एक रविवार. आदल्या वर्षी महसुलाच्या मानकाचंही असंच झालं होतं, २८ मार्च २०१८ला अधिसूचना आणि १ एप्रिलपासून अंमल. पण ज्याच्यावरून आपलं मानक बेतलं ते आंतरराष्ट्रीय मानक, 'आयएफआरएस १६', जानेवारी २०१६मध्येच जाहीर झालं होतं, जगभरात ते १ जानेवारी २०१९पासून लागू झालं होतं आणि आपल्याकडे ते येणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. ज्या कंपन्यांनी गॅझेटची वाट न पाहता वर्षभर आधी कामाला सुरुवात केली त्यांचा ऑगस्ट बरा गेला. बाकीच्यांनी ते काम जून-जुलैच्या पावसात, दर शनिवारी ऑफिसला येऊन केलं.

ते काम नेमकं काय असतं, हे बाहेरून कळत नाही. बाहेरून वाटतं, नियम बदलला, अकाउंट्सवाल्यांनी एक नोंद बदलली. नियम सांगायला खरंच सोपा आहे. पूर्वी गोदामाचं, दुकानाचं, ऑफिसचं भाडं महिन्याच्या महिन्याला खर्चात टाकलं की विषय संपायचा. आता पुढच्या सगळ्या वर्षांचं भाडं आजच्या किमतीत आणून ताळेबंदात देणं म्हणून दाखवायचं आणि ती जागा वापरण्याचा हक्क मालमत्ता म्हणून. बारा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या करारांना सूट आहे, लॅपटॉप-प्रिंटरसारख्या किरकोळ किमतीच्या वस्तूंना सूट आहे. हे सगळं एका पानात मावतं. पण हे पान हातात घेऊन माणूस पहिलं पाऊल टाकायला जातो तेव्हा त्याच्या लक्षात येतं की कंपनीकडे भाड्याच्या जागा किती आहेत, हे कंपनीत कुणालाच ठाऊक नाही.

सुरुवात सगळे 'भाडे खर्च' या खात्यापासून करतात. वर्षभराचं लेजर काढायचं, घरमालकांची नावं वेगळी करायची, भाड्यावर १९४-आय कलमाखाली कापलेल्या टीडीएसशी ताळा जमवायचा. याने मोठी नावं सापडतात. पण जी सापडत नाहीत तिथेच खरा घोळ असतो. सी अँड एफ एजंट, म्हणजे आपला माल साठवून पुढे पाठवणारा, महिन्याच्या बिलात गोदामाचं भाडं लावून पाठवतो, ते जातं 'वितरण खर्चा'त. बाहेरच्या कारखानदाराकडे एक अख्खी लाइन फक्त आपल्याच मालासाठी राखलेली असते, तिचे पैसे 'जॉब वर्क'मध्ये. ट्रान्सपोर्टरचे ठरावीक आठ ट्रक आपल्याच रंगात रंगवलेले, कुठे जायचं ते आपणच ठरवतो, त्याला ते बदलून दुसरे देण्याची मुभा नाही. नावाला वाहतूक करार, पण मानकाच्या व्याख्येत तो ट्रकचा भाडेकरार बसतो. डीजी सेट, फोर्कलिफ्ट, कर्मचाऱ्यांसाठी घेतलेले फ्लॅट, मोबाइल टॉवरवरची जागा. दर खात्यात कुठे ना कुठे एक भाडं दडलेलं. जुन्या करारांच्या बाबतीत व्याख्या नव्याने न तपासता आधीचाच निष्कर्ष पुढे न्यायची सवलत मानकाने दिली होती आणि बहुतेकांनी ती घेतली. पण ती सवलत असा निष्कर्ष आधी कधी काढलाच नव्हता, त्या करारांना कशी पुरणार?

म्हणून ऑडिटर पहिल्याच बैठकीत विचारतो: ही यादी पूर्ण आहे कशावरून?

या प्रश्नाला एक्सेलमध्ये उत्तर नसतं. यादीतल्या प्रत्येक ओळीचा करार काढून दाखवता येतो, पण यादीत नसलेल्या कराराचा पुरावा कुठून आणणार? मग उलट्या दिशेने जावं लागतं. जीएसटीच्या नोंदणीत दाखवलेली कामकाजाची ठिकाणं काढायची, विम्याच्या पॉलिसीतले पत्ते काढायचे, वीजबिलांची यादी, दुकान नोंदणीचे दाखले, डिपॉझिटचं खातं. प्रत्येक पत्ता यादीशी लावायचा आणि जो उरेल त्याच्याबद्दल फोन करायचा. माझ्या मते अख्ख्या तयारीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि प्रोजेक्ट प्लॅनच्या रंगीत तक्त्यात त्याला सगळ्यात कमी दिवस दिलेले असतात.

मग कागद यायला लागतात. कुरिअरच्या पाकिटातून, मोबाइलवर काढलेल्या तिरक्या फोटोंतून, जुन्या बॉक्स फायलींतून. स्टॅम्प पेपरला एक विशिष्ट कोंदट वास असतो, पावसाळ्यात तो जास्तच जाणवतो. लीव्ह अँड लायसन्सचा करार असला की शेवटच्या पानांवर दोन्ही बाजूंचे छोटे फोटो, अंगठ्यांचे ठसे, साक्षीदार, दुय्यम निबंधकाचा शिक्का. तिसऱ्यांदा झेरॉक्स काढल्यामुळे भाडेवाढीचं कलम नेमकं पुसट झालेलं. एखाद्या पानावर मूळ रक्कम खोडून पेनाने दुसरी लिहिलेली आणि शेजारी एकाच बाजूची सही. मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली, पण भाडं अजून चालू; नूतनीकरणाचा करार कुठे आहे विचारलं की उत्तर येतं, मालकांशी बोलणं झालंय. गाव बदललं की भाषा बदलते. कोइमतूरच्या गोदामाचा करार तमिळमध्ये, राजकोटचा गुजरातीत. हे कागद वाचायला बसलेल्या मुलांना फार लवकर कळतं की ताळेबंदातला प्रत्येक आकडा कुठल्या तरी माणसाने कुठल्या तरी टेबलावर दिलेल्या शब्दावर उभा असतो.

करारातून काय काय उचलायचं, तेही आधी नीट ठरवलं नाही तर सगळी फाइल दुसऱ्यांदा उघडावी लागते. ताबा मिळाल्याची तारीख, भाडं सुरू होण्याची तारीख, मुदत, लॉक-इन (ज्या काळात करार सोडता येत नाही तो) कुणावर आणि किती, नोटीस किती महिन्यांची, भाडेवाढ दरवर्षी ५ टक्के की तीन वर्षांनी १५ टक्के, नूतनीकरणाचा हक्क कुणाचा, डिपॉझिट, देखभालखर्च भाड्यात धरलेला की वेगळा. यातली सर्रास चूक पहिल्या दोन तारखांची. दुकान सजवायला मालक दोन-तीन महिने बिनभाड्याचे देतो. हिशोब करणारा भाडं सुरू झालेल्या तारखेपासून धरतो, पण मानक म्हणतं, जागा वापरायला मिळाली तो दिवस धरा. शंभर दुकानं असली तर ही एक तारीख बराच घसारा इकडचा तिकडे करते. मॉलमधल्या करारात दुसरा सापळा असतो: ठरलेली किमान रक्कम किंवा विक्रीचा ठरावीक टक्का, जे जास्त असेल ते. देण्यात धरायची फक्त किमान रक्कम. विक्रीवर अवलंबून असलेला वरचा भाग त्या-त्या महिन्याच्या खर्चात. परत मिळणारा जीएसटी तर धरायचाच नाही, तरी बिलाची पूर्ण रक्कम उचलून ठेवलेल्या शीट कमी नसतात.

सगळ्यात अवघड रकाना मात्र मुदतीचा. समजा, एका जागेचं भाडं वर्षाला १२ लाख, सोप्या हिशोबासाठी वर्षाअखेर दिलेलं, आणि दर ९ टक्के. मुदत ५ वर्षं धरली तर देणं येतं सुमारे ४६.६८ लाख. पुढच्या ५ वर्षांचं नूतनीकरण होणारच असं मानून १० वर्षं धरली तर ७७ लाख. आता मुदत ५च ठेवून दर बदलून पाहा: ८ टक्क्यांनी ४७.९१, १० टक्क्यांनी ४५.४९. म्हणजे दर एक टक्का इकडेतिकडे झाला तर सव्वा लाखाचा फरक आणि मुदतीबद्दलचं मत बदललं तर तीस लाखांचा. तरीही बैठकांमध्ये तासन् तास दरावर चर्चा चालते. दर आकड्यात सांगता येतो, बँकेकडून पत्र आणता येतं, म्हणून त्यावर बोलणं सोपं वाटतं. तो दर म्हणजे तेवढ्याच मुदतीसाठी, तशाच तारणावर कंपनीला कर्ज घ्यावं लागलं असतं तर पडलं असतं ते व्याज. ऑफिसात सगळे त्याला 'आयबीआर' म्हणतात. तीन, पाच, नऊ वर्षं असे गट पाडून प्रत्येक गटाला एक दर लावला तरी चालतं. मुदतीचं तसं नाही. तिथे कुणाला तरी सांगावं लागतं की आपण ही जागा सोडणार की नाही.

आणि ते अकाउंट्सच्या माणसाला माहीत नसतं. लॉक-इन संपलं की कंपनी तीन महिन्यांच्या नोटिशीवर बाहेर पडू शकते, मालक मात्र काढू शकत नाही, असा करार असला तर मुदत लॉक-इनपुरती संपत नाही. उरलेल्या काळात आपण थांबणार याची वाजवी खात्री आहे का, ते पाहावं लागतं. दुकानात ४० लाखांचं फर्निचर केलंय आणि त्याचा घसारा नऊ वर्षांत लिहायचं ठरवलंय, तर त्याच दुकानाच्या कराराची मुदत तीन वर्षं कशी धरणार? २०१९च्या नोव्हेंबरमध्ये आयएफआरएसचा अर्थ लावणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेही हेच सांगितलं: मुदत ठरवताना पाहायचा करार सोडण्याचा दंड म्हणजे फक्त करारात लिहिलेली रक्कम नव्हे, सोडून जाण्याने होणारं सगळं आर्थिक नुकसान पाहा. तोवर कित्येकांनी लॉक-इनवर गाडी थांबवून पहिल्या दोन तिमाही जाहीरही केल्या होत्या. अकरा महिन्यांच्या करारांचंही तेच. कारखान्याला लागून असलेलं गोदाम, गेली कित्येक वर्षं दर अकरा महिन्यांनी नवा कागद, तोच मालक, तेच कुलूप. कागदावर ते अल्पमुदतीच्या सवलतीत बसतं. पुढच्या कागदाचा हक्क आपल्याला कराराने मिळालेला नसेल तर सवलत घेणं चुकीचंही नाही. पण तो प्रश्न विचारून, उत्तर लिहून, मग सवलत घेतलेली असावी. न विचारता घेतलेली सवलत बघितली की मला अस्वस्थ वाटतं, कारण कंपनीचा रोजचा माल त्या जागेवाचून एक दिवसही हलत नाही.

हिशोबाच्या शीटबद्दल थोडक्यात. आपल्याकडे भाडं बहुधा महिन्याच्या सुरुवातीला देतात, पण शीट महिनाअखेरचं गृहीत धरून बनवलेली असते. ९ टक्क्यांचा मासिक दर कुणी ०.७५ धरतं, कुणी चक्रवाढीने ०.७२, दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येतं, पण एकाच कंपनीच्या दोन विभागांनी दोन वापरल्या तर जुळवणी होत नाही. डिपॉझिटही विसरून चालत नाही: बिनव्याजी दिलेल्या रकमेची आजची किंमत कमी असते आणि तो फरक वापरहक्काच्या मालमत्तेत जातो. मोठ्या कंपन्यांनी ईआरपीमध्ये, म्हणजे सगळा कारभार नोंदणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भाडेकरारांचं वेगळं मॉड्यूल बसवलं, बाकीच्यांनी एक्सेल. चाळीस-पन्नास करारांपर्यंत एक्सेल निभावतं. त्यापुढे एका मालकाने भाडं बदललं की कुठल्या शीटमध्ये काय हललं, ते शोधण्यात तिमाही संपते.

नफ्या-तोट्यात हे कसं दिसतं, ते त्याच उदाहरणात पाहण्यासारखं आहे. पूर्वी दरवर्षी १२ लाख भाडं. आता पहिल्या वर्षी घसारा ९.३४ आणि व्याज ४.२०, एकूण १३.५४ लाख. दुसऱ्या वर्षी १२.८३, तिसऱ्या वर्षी १२.०७, चौथ्या वर्षी ११.२३, पाचव्या वर्षी १०.३३. बेरीज तीच, ६० लाख. खिशातून जाणारे पैसे तेच, त्याच तारखांना. पण वाढत्या कंपनीची, जिची बहुतेक दुकानं नवी आहेत, पहिली वर्षं जड जातात. दुसरीकडे एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, पूर्ण १२ लाखांनी फुगतो, कारण भाडं घसारा आणि व्याजाच्या ओळींत गेलं. रोकड प्रवाहातही रक्कम कामकाजातून उचलून वित्तपुरवठ्यात जाते. एबिटडावर बोनस बांधलेला विक्रीप्रमुख काहीही न करता लक्ष्य गाठतो. हे जूनमध्ये नाही तर मार्चमध्ये कळतं आणि तेव्हा वाद होतो. चालू गुणोत्तराचा (चालू मालमत्ता भागिले चालू दायित्व) फटका तर पुष्कळांच्या ध्यानातच आला नव्हता. पुढच्या बारा महिन्यांचं देणं चालू दायित्वात येतं, पण त्याच्यासमोरची मालमत्ता सगळीच्या सगळी बिगरचालू. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी बँकेला द्यायचे आर्थिक तक्ते, म्हणजे सीएमए डेटा, भरताना १.३३च्या जवळ रेंगाळणारं गुणोत्तर एकदम खाली घसरतं, आणि बँकेच्या शाखेतल्या अधिकाऱ्याला ते समजावून सांगायला कुणीतरी मार्चच्या आधीच जायला हवं होतं. करारनाम्यात जुन्याच लेखापद्धतीने गुणोत्तर मोजायचं असं कलम आहे का, हे आधी बघायला हवं होतं.

महाराष्ट्रातल्या कारखानदारांना आणखी एक गोष्ट नव्याने बघावी लागली. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्यावर असतो, प्रीमियम एकरकमी भरलेला, भाडं वर्षाला १ रुपया. देणं जवळपास शून्य. म्हणून ही जमीन या मानकातून सुटली असं अनेकांना वाटलं. सुटली नव्हती. ती भाडेपट्ट्याचीच आहे, आणि स्थावर मालमत्तेतल्या किंवा आगाऊ भरणा म्हणून दाखवलेल्या ओळीतून काढून वापरहक्काच्या मालमत्तेत न्यायची होती.

काही उद्योगांमध्ये हा बदल टिपांपुरता राहिलाच नाही. डी-मार्ट बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या घेते, तिला फारसा धक्का नाही. पीव्हीआरसारख्या मल्टिप्लेक्स कंपनीला मात्र निकालांबरोबर मानकाचा परिणाम वगळलेले आकडेही वेगळे द्यावे लागले, कारण त्याशिवाय गुंतवणूकदारांना मागच्या वर्षाशी तुलना करता येईना. इंडिगो चालवणाऱ्या इंटरग्लोब एव्हिएशनची विमानांची भाडी डॉलरमध्ये. ती देणी ताळेबंदात आली की दर तिमाहीला त्या दिवसाच्या विनिमयदराने मोजायची. रुपया घसरला की तोटा नोंदवायचा, एकही डॉलर जास्त न देता. सप्टेंबर २०१९च्या तिमाहीत कंपनीने १,०६२ कोटींचा तोटा दाखवला, त्यात या पुनर्मोजणीचाही वाटा होता.

संक्रमणाची पद्धत निवडतानाही कंपनीचा कल दिसतो. मागच्या वर्षाचे आकडे न बदलता १ एप्रिलपासून पुढे जायचा मार्ग बहुतेकांनी घेतला. त्यातही प्रत्येक करारासाठी दोन पर्याय. वरच्याच जागेची दोन वर्षं संपली, तीन उरली असं धरा. देणं ३०.३८ लाख. मालमत्ता तेवढीच धरली तर शिल्लक नफ्याला धक्का नाही, पण पुढे वर्षाला १०.१३ लाख घसारा. सुरुवातीपासून हिशोब केला असता तर आज किती उरली असती, तसं धरलं तर मालमत्ता २८.०१, घसारा ९.३४, आणि २.३७ लाखांचा फरक स्थगित कराचा (या फरकावर पुढे वाचणाऱ्या कराचा) भाग वजा करून थेट शिल्लक नफ्यातून जातो, नफ्या-तोट्याला न शिवता. दुसऱ्या पर्यायाला जुनी कागदपत्रं लागतात. म्हणून ज्यांची यादी उशिरा झाली त्यांना तो पर्याय उरलाच नाही. मागच्या वर्षी टिपेत दाखवलेली बांधील भाडी आणि आता आलेलं देणं यांतला फरक समजावून सांगणंही बंधनकारक होतं. 'आमचे सर्व करार रद्द करता येण्याजोगे आहेत' असं वर्षानुवर्षं लिहून बांधिलकी शून्य दाखवणाऱ्यांना तिथे कोट्यवधींच्या देण्याचा खुलासा लिहावा लागला. मला त्या खुलाशांबद्दल आदर वाटतो. जे पैसे आपण देणारच आहोत असं दुकानाच्या मॅनेजरपासून सगळ्यांना माहीत होतं, ते पहिल्यांदा भागधारकालाही दिसले.

पहिलं वर्ष धड संपलं नाही तोच टाळेबंदी आली. मॉल बंद, दुकानं बंद, आणि घरमालकांशी भाडेमाफीची बोलणी सुरू. करारातला प्रत्येक बदल म्हणजे नव्या दराने पुनर्मोजणी. शेकडो करारांची ती अशक्य झाली असती, म्हणून २४ जुलै २०२०ला मंत्रालयाने सवलत दिली: ३० जून २०२१पर्यंत देय असलेल्या भाड्यात सूट मिळाली असेल आणि बाकी अटींत मोठा बदल नसेल तर पुनर्मोजणी नको, सूट सरळ नफ्या-तोट्यात घ्या. पुढे ही मुदत जून २०२२पर्यंत वाढली. पण बाकी अटी बदलल्या नाहीत, हे सांगणार कोण? तीन महिन्यांचं भाडं सोडून त्या बदल्यात लॉक-इन दोन वर्षांनी वाढवून घेणारे मालक होते. तो करार सवलतीत बसत नाही. आणि ही बोलणी स्टॅम्प पेपरवर झालीच नव्हती. ती झाली होती व्हॉट्सअ‍ॅपवर, दुकानाचा मॅनेजर आणि मालकाचा मुलगा यांच्यात. ज्या कंपन्यांनी २०१९ला केलेली यादी तिथेच मिटून ठेवली होती, त्या पुन्हा फोन करत बसल्या. ज्यांनी प्रशासन विभागाला एक फॉर्म देऊन ठेवला होता, की भाड्याबद्दल काहीही ठरलं, तोंडी का होईना, की त्याच आठवड्यात तो भरून पाठवायचा, त्यांच्याकडे ते मेसेज स्क्रीनशॉटसकट आलेले होते.